मशीनला मेंदू कुठला बसवावा

कोकंद, शुक्रवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय दोमला इकरोमिद्दीन-आका, चुस्तच्या तीन पिढ्यांना गणित शिकवणारे मास्तर आणि (माझं नशीब थोर म्हणून) आमचे व्याही, यांना कोकंदच्या होशिमजानचा छातीवर हात ठेवून, कमरेत जमेल तितकं वाकून सलाम. सध्या फारसं जमत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

तब्येत कशी आहे? गुडघा? डावा होता की उजवा ते आठवत नाही, म्हणून दोन्ही कसे आहेत ते कळवावं. विहीणबाईंचा रक्तदाब ताळ्यावर आहे ना? जर्दाळू यंदा धरले का? तुमच्या भिंतीला टेकवून खुराडं बांधणारा तो शेजारी सुधारला, की कोंबड्या अजून तुमच्याच अंगणात अंडी घालतात? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. माझी बायको खोसियत ठणठणीत आहे. म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण ठणठणीत आहे. दोनियोर दर रविवारी तुमच्याकडे येतो आणि जाताना होता त्यापेक्षा जाड होऊन परत येतो, तेव्हा माझा मुलगा कसा आहे हे माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. मावजुदा आणि लोला कशा आहेत हे मी विचारत नाही. सून आणि नात आपल्या घरीच आहेत, म्हणजे तुमच्या घरी, म्हणजे घर कुणाचं का असेना, आपलंच ते. असो.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या कारखान्यात नवीन मिलिंग मशीन आलं. तुम्ही आमचं जुनं मशीन पाहिलं आहे. लग्नाच्या बोलणीला आला होता तेव्हा मी तुम्हाला ओढत तिकडे नेलं होतं आणि तुमच्या नव्या कोटावर तेल उडालं होतं (त्याबद्दल पुन्हा एकदा माफी). ते मशीन रशियन जमान्यातलं. दोन हातांनी दोन चाकं फिरवायची, तिसरं चाक पोटानं ढकलायचं, आणि धातू कापला जातो तो त्या मशीनमुळे नव्हे, रिझामत-आकांमुळे. रिझामत-आका आमचे उस्ताद. पस्तीस वर्षं ते त्या चाकांना चिकटून आहेत. कानानं कमी ऐकतात, पण पातं बोथट झालं की त्यांना दुसऱ्या खोलीत बसून कळतं. पंपाच्या आत जे चक्र फिरतं आणि कालव्यातलं पाणी कपाशीवर चढवतं, ते इम्पेलर आम्ही बनवतो. रिझामत-आकांच्या हातून आठवड्याला तीन होतात, आणि यंदा पाण्याच्या पाळ्या सुरू व्हायच्या आत चाळीस हवे होते. म्हणून ठरवलं, की आता संगणकावर चालणारं मशीन आणायचं.

ते मी ताश्कंदच्या प्रदर्शनात घेतलं. चिनी कारखाना, देखणं यंत्र, काचेचं दार, आत दिवा. एखाद्या नव्या नवरीची खोली असावी तसं. तिथली विकणारी मुलगी दुभाष्यामार्फत म्हणाली, “मशीन हे. आता कंट्रोल कुणाचा हवा?”

मी म्हटलं, “म्हणजे काय? माझाच.”

दुभाष्यानं जसंच्या तसं तिला सांगितलं. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर कळलं, की तिनं लिहिलं होतं, ‘गिऱ्हाइकाचं अजून ठरलेलं नाही.’ घोडा एकाकडून घ्यावा आणि त्याचा मेंदू दुसऱ्याकडून, अशी या धंद्यात रीत आहे हे मला बावन्नाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. चिनी कारखाना फक्त धड करतो. डोकं जपानी बसवा, जर्मन बसवा, नाहीतर त्यांचं घरचं बसवा. मी मान हलवली, जणू हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. (माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे या मान हलवण्यातून झाले आहेत. उरलेले अर्धे, मान हलवल्यावर तोंड उघडल्यामुळे.)

आठवड्यानं कागद आला. वर तीन मेंदू, खाली छोटे छोटे चौकोन, ज्यावर खूण करू ते मिळणार, आणि दहा दिवसांत उत्तर पाठवायचं. मी सल्ला घ्यायला निघालो. शहाणा माणूस जाणकाराला विचारतो. मी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं.

आधी रिझामत-आका. त्यांना कागद वाचून दाखवला, दोनदा, ओरडून. ते म्हणाले, “ज्याला फिरवायला चाक आहे, तो घे.” मी म्हटलं, आका, आता चाकं गेली, आता बटणं असतात. ते जुन्या मशीनला तेल घालायला उठले. त्याला तेल सकाळीच घालून झालं होतं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग आमची गपची बैठक. गप या नावाखाली आम्ही बारा मित्र महिन्यातून एकदा जमतो, पुलाव खातो आणि कुणीही गप बसत नाही. त्या रात्री पुलाव माझ्याकडे होता. लग्नाचा हॉल चालवणारा सोतिबोल्दी म्हणाला, जर्मन घे, माझी गाडी जर्मन आहे, सतरा वर्षं एक आवाज नाही. औषधांचं दुकान चालवणारा म्हणाला, जपानी घे, माझं रक्तदाबाचं यंत्र जपानी आहे. त्यावर सोतिबोल्दी म्हणाला, म्हणूनच तुझा रक्तदाब वाढलेला असतो. हातघाईवर आलं. शेवटी हात वर करून मतदान घेतलं: जर्मन सात, जपानी चार, आणि एकानं दोन्हीकडे हात वर केला, कारण त्याला वाटलं अजून पुलाव कुणाला हवा ते विचारताहेत. तुम्ही गणिती आहात, दोमला. सात अधिक चार अधिक एक म्हणजे बारा माणसं, आणि यांतल्या एकानंही आयुष्यात संगणकावरचं मशीन चालवलं नव्हतं, मी धरून.

चहा घेऊन तुमची मुलगी आत आली होती. पेला माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, “अदाजान, देश कुठला याला तितकंसं महत्त्व नाही. त्यावर बसणार कोण, पडद्यावर भाषा कोणती, आणि बंद पडलं तर दुरुस्त करायला कुठून कोण येणार, हे आधी बघायला हवं. मी थोडं…”

मी म्हटलं, “पोरी, बघ, समसे करपताहेत वाटतं.”

समसे करपत नव्हते. तंदूर पेटवलेलाही नव्हता. ती “बरं, अदाजान” म्हणाली आणि गेली. तुम्ही तिला ताश्कंदच्या पॉलिटेक्निकमध्ये पाच वर्षं शिकवलंत हे मला माहीत होतं. लग्नात ती पदवी मी चार जणांना अभिमानानं दाखवलीही होती. पण दाखवायच्या वस्तू कपाटात असतात, दोमला. त्या चहा घेऊन येतात आणि बोलतात, याची मला सवय नव्हती.

जर्मनवर खूण केली. मग खालचे चौकोन. प्रत्येकाचे वेगळे पैसे. ‘भाषा: जर्मन, चिनी. इतर भाषा हव्या असल्यास खूण करा.’ मी म्हटलं, मला मशीनकडून काम हवंय, गप्पा नकोत. खूण केली नाही. ‘हातात धरायचं फिरतं चाक’: हे तर मागासलेलं. नाही. ‘बसवून, चालवून दाखवायला तंत्रज्ञ’: आमच्याकडे रिझामत-आका आहेत. नाही. एवढी काटकसर केली म्हणून मीच मला त्या संध्याकाळी शाबासकी दिली आणि बाजारातून एक मोठं टरबूज आणलं.

मशीन एप्रिलच्या शेवटी आलं. कारखान्याचं दार अरुंद पडलं. दार मी मोजलं होतं, मशीनही मोजलं होतं, फक्त मशीन ज्या खोक्यातून येतं ते खोकं मोजायचं राहिलं. भिंत पाडली. (खोक्याच्या फळ्या काढल्या असत्या तरी चाललं असतं, हे भिंत पाडून झाल्यावर क्रेनवाल्यानं सांगितलं. आधी का बोलला नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, “तुम्ही इतक्या ठामपणे सांगत होता.”) तर भिंत नसलेल्या कारखान्यात, चाळीस पाहुण्यांसमोर, मुहूर्त. मेंढा कापला, इमामसाहेबांनी दुआ मागितली, खोसियतनं इसिरिकची धुरी मशीनभोवती तीनदा फिरवली. कालवा खात्याचे साहेब आले होते, ज्यांना ते चाळीस इम्पेलर हवे होते. गपचे अकराही मित्र हजर. आणि सगळ्यांत पुढे मी, नवा कोट, नवी चुस्तची टोपी. तुम्हीच ईदला पाठवलेली, पांढऱ्या मिरच्यांची नक्षी असलेली.

मी भाषण केलं. भाषणात ‘तंत्रज्ञान’ हा शब्द नऊदा आला. मग मुख्य बटण दाबलं. पडदा उजळला, सगळ्यांनी “ओ!” केलं. पडद्यावर जर्मनमध्ये एक लांबलचक लाल ओळ आली आणि मशीन पीं-पीं ओरडायला लागलं.

साहेबांनी विचारलं, “काय म्हणतंय?”

मी म्हटलं, “आपलं स्वागत करतंय.”

मग मी एकेक बटण दाबत गेलो. हिरवं दाबलं, पिवळं दाबलं, दोन एकदम दाबली. स्वागत काही थांबेना. घाम फुटला. गर्दीतून एक जण म्हणाला, धुरीमुळे असेल. दुसरा म्हणाला, भिंत नाही म्हणून त्याला थंडी वाजत असेल. सोतिबोल्दी माझ्या कानाशी लागून म्हणाला, “लाथ मारून बघ. जर्मन आहे, सोसेल.” इतक्यात चहाचं तबक घेऊन मावजुदा आली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, माझ्या जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, “अदाजान, ती टोपी काढा.”

भाषणाच्या वेळी गरम व्हायला लागलं म्हणून मी टोपी काढून मशीनवर दिसलेल्या एका लाल खुंटीवर अडकवली होती. घसरू नये म्हणून वरून चांगली दाबून बसवली होती. ती खुंटी नव्हती. संकटाच्या वेळी मशीन जागच्या जागी बंद पाडायचं ते बटण होतं. म्हणजे मी एका हातानं मशीन चालू करत होतो आणि तुमच्या टोपीनं बंद पाडत होतो. पोर बिचारी कुजबुजली होती, माझी लाज राखून. पण शेजारी रिझामत-आका होते, तिच्या ओठांकडे बघत. कमी ऐकू येणारी माणसं हळू बोलू शकत नाहीत. “काय? होशिमची टोपी काढायची? टोपीनं बंद पाडलंय होय?” हे कोकंदच्या बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल.

त्यावर मी तिला काहीतरी बोललो. काय ते आता नीटसं आठवत नाही. गडबडीची वेळ होती. तिनं तबक खाली ठेवलं, टोपी उचलली, झटकली, दोन्ही हातांनी मला दिली, आणि ते लाल बटण उजवीकडे फिरवून वर सोडलं. एक बटण दाबलं. पीं-पीं थांबलं. मशीन गुणगुणायला लागलं. मी पाहुण्यांना सांगितलं, दुआ कबूल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वाकून तीनदा सलाम केला, “आईला बघून येते,” म्हणाली, आणि लोलाला घेऊन चुस्तला आली. मुलीनं आईला बघायला जावं, यात गैर काय आहे? त्याला आता पाच आठवडे झाले. विहीणबाई चांगल्याच बघून झाल्या असतील.

इकडे मशीनची कथा अशी, की चालू झालं, पण पुढे काय करायचं ते कुणाला कळेना. रिझामत-आका एकदा त्याच्या समोर जाऊन उभे राहिले, हात कुठे ठेवायचे ते शोधलं, सापडलं नाही, आणि हात पाठीमागे बांधून परत गेले. दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत. तिसऱ्याही नाही. पस्तीस वर्षांत ते फक्त एकदा आले नव्हते, त्यांच्या बायकोला दफन केलं त्या दिवशी. मी भेटायला गेलो तर अंगणात बसले होते, चाकूनं सफरचंद सोलत. एकसारखी पातळ साल, मध्ये कुठे तुटली नाही. म्हणाले, “तुला आता माझं काय काम, होशिम? मला बटणं दाबता येत नाहीत.” मी म्हटलं, आका, मलाही येत नाहीत. ते म्हणाले, “पण मालक तू आहेस.” त्यांनी सफरचंदाची फोड माझ्या हातात ठेवली.

म्हणून मी हट्टानं स्वतःच मशीन चालवायला घेतलं. शब्दकोश उघडून एकेक शब्द लावला. कापाची खोली पाच द्यायची ती पन्नास दिली. पातं खाली आलं, तुकड्यातून आरपार गेलं आणि नव्या कोऱ्या टेबलात अंगठा जाईल एवढं भोक पाडून मोडलं. दाराला काच आहे हे माहीत असूनही मी मागे उडी मारली, मागे तेलाचा डबा होता, आणि तेव्हापासून कमरेत वाकता येत नाही. त्या भोकावर मी चहाचा पेला उपडा घालून ठेवतो. कालवा खात्याचे साहेब मध्ये एकदा आले, तर त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी चहा तयार ठेवलाय. त्यांनी पेला उचलला. मग भोकात अंगठा घालून पाहिला. जाताना एवढंच म्हणाले, की पंधरा जूनपर्यंत वाट बघतो, मग दुसरीकडून घेतो. कपाशीला तुमची कंबर सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो. खोसियतनं ताटली आणून समोर ठेवली. ताटलीत एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या मुलांची असते तशी.

“हे काय?”

“जेवण.”

“अगं, पण…”

“आज काही शिजवलं नाही. हे मात्र तीन महिन्यांपूर्वीच शिजून तयार होतं. तुम्हाला भूक नव्हती.”

मावजुदा गेल्यापासून ती माझ्याशी इतकं कधीच बोलली नव्हती. वहीच्या पहिल्या पानावर मावजुदाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अदाजान विचारतील तेव्हा.’ आत सगळं. तिन्ही मेंदूंची तुलना, तक्ते काढून. जपानीचे गुण, अवगुण. ‘अंदिजानला दोन कारखान्यांत हाच आहे, दुरुस्तीचा माणूस दोन तासांत येऊ शकतो, मी फोन करून विचारलं.’ जर्मन हुशार आहे, पण जवळ दुरुस्त करणारा नाही. चिनी साधा आहे, शिकायला सोपा. प्रत्येक चौकोनापुढे तिचं मत. हातचाकापुढे लिहिलं होतं: ‘हे घ्यायचंच, बाकी काही नसलं तरी. रिझामत-आकांचे हात चाकावर चालतात. त्यांना नुसत्या बटणांपुढे उभं केलं तर ते घरी बसतील, आणि त्यांच्याबरोबर या कारखान्याला जे काही येतं तेही घरी बसेल.’ ही ओळ मी दोनदा वाचली. शेवटी जपानीवर खूण होती आणि खाली बारीक अक्षरात: ‘अदाजानांनी जर्मनच घ्यायचं ठरवलं तर पान नऊ पाहावं.’

दोमला, माझी सून मला माझ्यापेक्षा बरी ओळखते. पान नऊवर जर्मन मेंदूला भाषा मागाहून कशी शिकवायची, चाक मागाहून कसं मागवायचं, सगळं क्रमवार लिहिलेलं आहे. पण ते फार अवघड आहे हो. माझ्या डोक्यात शिरत नाही. मशीन बंद पडून आहे, पंधरा जून आठ दिवसांवर आला आहे, कपाशी वाळेल, साहेब जातील, कारखाना बुडेल. तेव्हा हात जोडून विनंती, की केवळ तांत्रिक कारणासाठी, मावजुदाला आठवडाभर इकडे पाठवावं. घरगुती बाजू आपण नंतर बघू.

विहीणबाईंना सलाम. गुडघ्याला (दोन्ही) मेंढीची चरबी गरम करून लावावी.

आपला नम्र,
होशिमजान

ता. क. — वर लिहिलेल्यात एक चूक राहिली आहे. मशीन बंद नाही. पान नऊ अवघड नाही. ते इतकं सोपं लिहिलं आहे, की मलासुद्धा कळलं. चिनी कारखान्याला पत्र लिहिलं, एक आकडा आला, तो घातला, आणि मशीन रशियन बोलायला लागलं. चाक पार्सलनं आलं. मंगळवारी ते मी रिझामत-आकांच्या अंगणात नेऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा फिरवलं, टिक्-टिक् असा हाताला लागणारा आवाज होतो त्यात, आणि बूट घालायला उठले. काल संध्याकाळपर्यंत अकरा इम्पेलर झाले. चाळीस वेळेत होतील. तेव्हा तांत्रिक कारण असं काही उरलेलं नाही. आधी लिहिलेलं खोडणार होतो, पण तुम्ही मास्तर आहात. खाडाखोड केलेली पाहिली की मूळ काय होतं ते वाचल्याशिवाय राहणार नाही.

ता. क. २ — मुहूर्ताच्या दिवशी मी मावजुदाला काय बोललो ते आठवत नाही, असं वर लिहिलं आहे. आठवतं. मी म्हटलं, “पोरी, बायकांनी चहाच्या समोवाराशी बोलावं, मशीनशी नाही.” मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. चाळीस माणसं हसली आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला पाच आठवडे लागले. ती तुम्हाला हे बोलली नसणार. दोनियोरलाही तिनं एवढंच सांगितलं, की तुम्ही मला घालवलं नाहीत, तेव्हा तुम्ही मला नेऊ शकत नाही. ज्यानं घालवलं त्याचं नाव तिनं पाच आठवडे कुणापाशीही काढलं नाही. त्या रात्री चाळीस माणसांची भांडी घासून, पुसून, फळीवर लावून मगच ती झोपली. सकाळच्या सलामातही तिनं तसूभर कसूर ठेवली नाही. ठेवली असती तर मला रागवायला जागा मिळाली असती.

ता. क. ३ — दोमला, इथून पुढचं तुमच्यासाठी नाही. कागद मावजुदाला द्यावा.

पोरी, चूक माझी होती. टोपीची नव्हे (ती तर माझ्या डोक्यावर बसते तेव्हाही तितकीच निरुपयोगी असते), बोलण्याची. इमामसाहेब, कालवा खात्याचे साहेब आणि गपचे अकराजण यांना मी काल पुन्हा पुलावाला बोलावलं होतं आणि जेवायच्या आधी सांगितलं, की दुआ कबूल झाली नव्हती, माझ्या सुनेनं मशीन चालू केलं होतं. इमामसाहेब म्हणाले, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सोतिबोल्दी हसायला लागला होता, पण रिझामत-आकांनी त्याच्याकडे पाहिलं.

आता एक विचारायचं आहे. पुढच्या वर्षी लेथ मशीन घ्यावं म्हणतो. कागद आलाय. वर तीन मेंदू आहेत, खाली चौकोन. मी अजून कशावरही खूण केलेली नाही, आणि तू हो म्हणेपर्यंत करणार नाही. कुठला घेऊ?

ता. क. ४ — दोमला, हे पत्र टपालानं पाठवणार होतो. मग वाटलं, टपाल हरवेल. मग वाटलं, दोनियोरबरोबर द्यावं. पण तो रविवारी येतो आणि आज शुक्रवार आहे. म्हणून मीच घेऊन आलो. शेवटची ओळ तुमच्या निळ्या दारासमोर, गाडीत बसून लिहितोय. आत येण्याचा धीर होत नाही, म्हणून दाराच्या फटीतून सरकवतो आणि इथेच थांबतो. वाचायला घाई करू नये. ऊन आहे, पण सोसवेल. तुमच्या गल्लीतले दोन म्हातारे भिंतीच्या सावलीत बसले आहेत, त्यांनी आत्ता तिसऱ्यांदा विचारलं, “पाहुणे, कुणाकडे आलात?”

मी म्हटलं, ते आतली माणसं ठरवताहेत.